दोन व्याह्यांच्या दोन विती आणि ट्रॅक्टराची मागली चाके

खुदाची मर्जी आणि थोरांचा आशीर्वाद शिरी घेऊन, काराबुलुंग गावी घडला वृत्तांत जैसा पाहिला तैसा लिहिला असे. न्यून ते लेखकाचे. अधिक दिसेल ते चहा पीत बसणाऱ्या म्हाताऱ्यांचे.

वर्तमान ऐसे जे, बुरमा नामे सुनेचा दादला रोजगारास परमुलखी गेला, आणि नवराबायकोच्या वाट्यास आलेले पहिलेच शेत गव्हाच्या पेऱ्याविना पडोन होते. गावात ट्रॅक्टर एक, मागणारे उदंड. आज तो बुरमाचा, उद्या पहाटे पल्याडच्या गावी कूच करणार. आज नांगरट न जाहली तर सालाची रोटी बुडाली. आणि मागली चाके मक्याच्या ओळींकरिता फाकवलेली. नांगरास ती आत घेणे प्राप्त.

तेव्हा उजव्या चाकावर बुरमाचे सासरे, गावचे वडीलधारे तुरदुमामबेत, आणि डाव्यावर तिचे वडील, मिशीबहाद्दर जोलचूबाय, ऐसे उभयतां व्याही खासे चालोन गेले. जॅक लावून यंत्रगज उचलिला, मग गंजल्या बोल्टांनी ऐसी झुंज दिली की पाने घसरले, बोटे सोलली, आणि व्याह्यादेखत शिव्या गिळाव्या लागल्या. अखेर बोल्ट शरण आले. मग प्रत्येकाने आपल्या वितीने मापोन आपले चाक आत सारिले. एकाचा पंजा अस्वलाचा, दुसऱ्याचा शिंप्याचा.

नांगर चालता यंत्रगज उजवीकडे बहकला, तासे वाकडी पडली.

व्याह्याची चूक काढणे या मुलखी मोठा गुन्हा. सबब तुरदुमामबेतांनी फर्माविले जे, कसूर आमच्याच चाकाची. जोलचूबायांनी उलट फर्माविले जे, तोबा, कसूर आमचीच. आणि उभयतांनी आपापले चाक गुपचूप दुसऱ्याच्या मापास नेले, मग तोच नांगर डावीकडे बहकला. पुनश्च दिलगिरी, पुनश्च अदलाबदल, पुनश्च उजवीकडे. दिवस कलला.

बुरमा रोट्या सोडोन, हाती लाटणे घेऊन शेतात आली. सासऱ्यास टोकणे सुनेस मना. तेव्हा तिने लेकी बोले सुने लागे हा कायदा उलटा फिरविला आणि बापास गाठिले.

"बाबा, काही वाटतं का तुम्हाला? दोघांनी दोन हातांनी मोजलं तर चाकं जुळतील कशी? तुमच्या मानपानासाठी सूर्य थांबणारेय का?"

"अगं, हळू! व्याहीबुवा ऐकतायत."

"त्यांना कुठं काय म्हणतेय मी? त्यांच्याकडे तर बघतसुद्धा नाहीये. हे धरा माझं लाटणं. ट्रॅक्टरच्या मधल्या गिअरपेटीपासून दोन्ही चाकं ह्यानंच मोजा. आणि एकानंच मोजा, दुसऱ्यानं चहा प्या!"

ते ऐकोन, ज्यांस काहीच म्हटले नव्हते ते सासरे कानापर्यंत लाल जाहले, आणि निमूट चहाच्या मोर्च्यावर रुजू जाहले. जोलचूबायांनी लाटण्याने माप घेतले, बोल्ट आवळिले, आणि नांगर सुतात चालिला. अंधार पडण्याआधी शेवटले तास बांधास भिडले, आणि बुरमाने गव्हाची पहिली मूठ आपल्या हाते फेकिली.

रात्री जेवणाच्या दस्तरखानावर पहिली रोटी व्याह्यास देणे हा रिवाज. तुरदुमामबेतांनी ती मोडिली आणि व्याह्यास ओलांडोन सुनेपुढे ठेविली.

"आधी तू खा, पोरी. आज तुझ्यामुळं पेरलं."

बुरमाने मान खाली घालोन खाल्ली. रोटी थोडी खारट लागली असावी, कारण डोळे वाहात होते. जोलचूबायांस अपमान काडीचा वाटला नाही.

मग मोहिमेचा सेनापती कोण लिहावा, ऐसे लेखकाने उभयतां व्याह्यांस विचारिले. या दिवसात प्रथमच दोघांचे माप एक आले. दोघांनी तिच्याकडेच बोट केले. सबब मागल्या चाकांची मोहीम बुरमाने फत्ते केली, हे नमूद असे.