कोपरासकट फोटो

४ जानेवारी, रविवार, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटे. माझी मुलगी सुनंदा तिच्या सात वर्षांच्या लेकीला, ईश्वरीला घेऊन राणीसावरगावहून परभणीत आमच्या दारी उतरली. शेजारचे डॉक्टर महारुद्रप्पा फाटकातून आले, सुनंदाच्या हातातला एक्स-रे त्यांनी उन्हात धरला आणि नमस्काराऐवजी विचारले, "कोपर कुठंय?"

डॉक्टर हाडांचे. आमच्याकडे एक्स-रेला फोटो म्हणतात. डॉक्टर उलट, प्रत्येक फोटोला एक्स-रे समजतात. माझ्या मुलाच्या लग्नाचा अल्बम चाळून त्यांनी एवढाच अभिप्राय दिला होता : "सूनबाईचं कोपर एकातबी पूर्ण आलेलं न्हाई." आधार कार्डावरील छायाचित्रालाही त्यांची हीच हरकत आहे.

त्या सकाळी मात्र कोणी हसले नाही.

"मुका मार हाय म्हणले तिथले डॉक्टर, अप्पा," सुनंदा त्यांना म्हणाली. "झोक्यावरून पडली, चार दिस झाले. फोटोत हाड मोडलेलं न्हाई."

"मोडलं न्हाई, वाकलंय," डॉक्टर म्हणाले. " लेकराचं हाड ओल्या काडीसारखं वाकतं, अन् जोडीचं हाड कोपरातून निसटतं. दिसणार कसं? फोटो मनगटापासून निम्म्या हातापर्यंतच काढलाय. भूल द्यावी लागंल, तिला आता पाणीबी देऊ नका."

दवाखान्यात त्यांनी दोन्ही हातांचे एक्स-रे घेतले, कोपरासकट. एक्स-रेवर हाडाच्या रेषेत मोजपट्टी लावली. साबूत हातात ती कोपरातल्या गोल हाडाच्या मधोमध गेली. दुखऱ्या हातात बाजूने गेली.

"हाड जागेवर बसलं नाही तर?" मी विचारले.

"हात वळणार न्हाई. स्वतःची वेणी घालता यायची न्हाई. आधी न कापता बघतो. न्हाई जमलं तर उघडावं लागंल."

भूल देणारे डॉक्टर आले. दार बंद झाले. सुनंदा भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मी बाकावर बसलो. आतून कसलाच आवाज येत नव्हता.

दार उघडले. "बसलं," डॉक्टर म्हणाले. "पण लय सूज हाय. हात उंच ठेवावा लागंल, न्हाईतर बोटांचं रक्त अडतं."

परिचारिकेने हात टांगायला सळई आणली. डॉक्टरांनी ती परत पाठवली. "टांगलेला हात बघून लेकरू भितं." आणि प्लास्टर घातलेला तो हात स्वतःच्या तळव्यावर तोलून ते खाटेशी बसून राहिले. त्यांची नात परदेशात असते. त्यांनी तिला अजून कडेवर घेतलेले नाही.

संध्याकाळी ईश्वरीची बोटे गुलाबी दिसली, हलली. गुंगीतच तिने दुसऱ्या हाताने डॉक्टरांच्या मोकळ्या हाताचे बोट पकडले.

"सोडवून घ्या आता," मी म्हणालो.

"उठंल ती."

कंपाउंडरने ठेवलेला चहा निवत होता. डॉक्टरांचे दोन्ही हात गुंतलेले होते. मी चहा बशीत ओतला आणि त्यांच्या ओठांशी धरला.