काखेतल्या पेशी

संशोधिकेने सकाळी इन्क्युबेटरचं दार उघडलं आणि आतून गार हवा आली, तेव्हाच तिच्या तोंडचं पाणी पळालं. पेशी वाढवायच्या त्या कपाटात माणसाच्या अंगाइतकी ऊब लागते. आत चार चपट्या बाटल्या होत्या आणि बाटल्यांत कर्करोगाच्या पेशी. औषधाचा मारा खाऊनही तग धरलेल्या त्या पेशी तिने वर्षभर तळहातावरच्या फोडासारख्या जपल्या होत्या. त्या औषधाला दाद का देत नाहीत हे कळलं, तर उपचाराची पुढची वाट दिसणार होती. राखीव साठा गोठवून ठेवायचं काम मात्र ती रोज उद्यावर ढकलत आली होती.

शेजारच्या प्रयोगशाळेत विचारलं, तर त्यांच्या कपाटात बुरशी झालेली. दुरुस्तीवाला म्हणाला, संध्याकाळपर्यंत बघतो. शेवटी अंगाइतकी ऊब हवी तर अंगच वापरावं, असा शास्त्रीय विचार करून तिने झाकणं घट्ट लावली आणि दोन बाटल्या स्वेटरच्या आतून दोन्ही काखांत धरल्या. उरलेल्या दोन घेऊन ती विभागप्रमुखांकडे गेली.

सर कडक इस्त्रीचे. संशोधन असं होत नसतं, प्रत्येक गोष्टीची एक पद्धत असते, वगैरे त्यांनी बरंच ऐकवलं. मग कोटाची बटणं सोडली.

"दे इकडे. पण कुणाला कळता कामा नये."

बटणं पुन्हा लावून होतात न होतात, तोच निधी चालू ठेवायचा की नाही हे ठरवणारी समिती दारात उभी राहिली. दुपारी यायची ती सकाळीच आली होती. पांढऱ्या केसांच्या अध्यक्षाबाई आणि त्यांच्यामागे दोन गंभीर सदस्य. बाईंनी हात पुढे केला. सरांनी कोपर बरगडीला चिकटवून नुसता पंजा पुढे केला, तेव्हा बाईंनाच दोन पावलं जवळ यावं लागलं. चहा आला. सरांनी कप ओठांशी नेला नाही, ओठ कपाशी नेले.

मग बाईंनी फळ्यावर जरा समजावून सांगायला सांगितलं. पेशी आत शिरलेलं औषध बाहेर कसं फेकते, ते सरांनी गुडघ्यांत वाकून फळ्याच्या अगदी तळाशी काढलं. ते बघायला समितीही वाकली. कुणीही कारण विचारलं नाही. संशोधिका कोपऱ्यात अंग चोरून उभी होती आणि तिच्या दोन्ही हातांना मुंग्या आल्या होत्या. निधी गेला, असं तिने मनाशी धरूनच टाकलं.

आकृती संपली. बाई सरांच्या जवळ गेल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या,

"तुमची उजवीकडची घसरतेय."

सरांचे कान लाल झाले.

"तरुणपणी मीही वीज गेली की अशाच घेऊन बसायचे," बाई म्हणाल्या. "आणा ती इकडे."

सरांनी निमूटपणे बाटली काढून दिली. बाईंनी ती उजेडात धरून पाहिली, सराईतपणे स्वतःच्या कोटाच्या आत सरकवली आणि मग कोपऱ्यातल्या संशोधिकेकडे नजर टाकली.

"हिचे हात भरून आलेत," त्या मागे वळून दोन्ही सदस्यांना म्हणाल्या. "तुम्ही दोघं रिकामेच आहात ना? कोट उघडा."