सेतुमामांचं पांढरं फूल

सेतुमामा रस्ता ओलांडताना कुठंही बघत नाहीत. डावीकडं नाही, उजवीकडं नाही. हात पाठीमागं बांधायचे, मान ताठ ठेवायची आणि देवळात प्रदक्षिणेला निघाल्यासारखं चालायला लागायचं. बसवाले करकचून ब्रेक मारतात, रिक्षावाले त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात आणि मामा पलीकडं पोचून मलाच, तमिळमध्ये धाकट्या भावाला मारतात तशी, हाक मारतात, "तंबी, ये की! भितोस काय?"

मी साताऱ्याचा. नोकरी इकडं तमिळ मुलखातल्या मोठ्या शहरात, पेरुंगुडीला आणि राहायला तिरुवल्लिकेणीच्या एका मॅन्शनमध्ये. मॅन्शन म्हणजे राजवाडा नव्हे, एकट्या पुरुषांना खोल्या देणारी जुनाट इमारत. मामांचं घर समोरच. पहिल्याच आठवड्यात मी बाल्कनीत उभा राहून फोनवर आईशी भांडत होतो, तर समोरच्या ओट्यावरून चक्क मराठीत आवाज आला, "आईसंगं असं बोलू नये." मी चाटच पडलो. मामांचे पूर्वज कैक पिढ्यांपूर्वी तंजावरला आले आणि तिथलेच झाले. मामा निवृत्त शिक्षक. 'आहे'ला ते 'अहे' म्हणतात, 'सगळं'ला 'अस्कं'. आणि त्यांच्या शर्टाचं एक बटण कायम चुकीच्या काजात असतं. मला वाटलं, वय झालं.

रस्त्याचं कारण मी एकदा विचारलंच.

तीन वर्षांपूर्वी मामींना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. मामा तडक गावाकडच्या कुलदेवीला गेले. तिथं कौल लावायची एक रीत आहे. केळीच्या पानात गुंडाळून दोन पुड्या देवीपुढं ठेवतात, एकीत पांढरं फूल, दुसरीत तांबडं. प्रश्न विचारायचा आणि एक पुडी उचलायची. पांढरं आलं तर होकार.

"मी विचारलं, हिचं बोलणं ह्या कानांनी ऐकीन काय? पांढरं आलं! मग ती बोलेपर्यंत मला काय होईल? देवी खोटी पडेल की!"

झालं. त्या एका फुलावर मामांनी रक्तदाबाच्या गोळ्या सोडल्या आणि मिरचीची भजी धरली. डॉक्टरांनी समजावलं, इतके दिवस गेले, आता वाचा येणं कठीण. मामा शांतपणे म्हणाले, "सेरी, बरं. तुमी तुमचं सांगितलात. देवीनं वचन दिलं अहे. तारीख दिली नाही, एवढंच." मीही देव मानतो, पण रस्त्यावर नाही. मी तसं म्हटलं की ते माझ्याकडं नापास पोराकडं बघावं तसं बघायचे.

एक गोष्ट मात्र मला खटकायची. रोज संध्याकाळी मामा चाकाच्या खुर्चीतून मामींना समुद्रावर नेतात, आणि तेव्हा हाच माणूस सिग्नलला तीन-तीनदा थांबतो. हिरवा झाला तरी थांबतो. मी चिडवलं, "आता कुठं गेली देवी?"

"माझ्यावर काय पाहिजे ते करीन. हिच्यावर प्रयोग कशाला?" मामा म्हणाले.

त्यांच्याकडं सकाळच्या कॉफीला जायला लागलो तेव्हा आणखी एक प्रकार कळला. मामा मामींना पेपर वाचून दाखवतात, पण मुद्दाम चुकीचा. शुक्रवार असला तर बुधवार म्हणतात. पाऊस पडत असताना सांगतात, कडक ऊन अहे. मग थांबून मामींच्या तोंडाकडं बघतात. मामी बघत राहतात, बोलत नाहीत. मामा पान उलटतात. शर्टाचं बटणही तसलंच. म्हातारा पूर्ण शुद्धीत, रोज सकाळी आरशासमोर उभा राहून बटण चुकवायचा.

"अस्कं आयुष्य ती हेच करीत होती," मामा एकदा म्हणाले. "शर्ट उलटा, मीठ कमी, डोळे कुठं ठेवलात! दिवसभर बोलायची. मी पेपरात तोंड घालून. ऐकलं नाही रे, तंबी. एक दिवस ऐकलं नाही." मी उगाच कप विसळायला आत गेलो.

परवा संध्याकाळी आम्ही तिघं समुद्रावरून परतलो. रस्ता नीट, सिग्नलनं ओलांडला. इकडच्या फुटपाथवर आल्यावर लक्षात आलं, मामींची शाल पलीकडच्या बाकावरच राहिली. मी म्हटलं, "मी आणतो." पण मामांनी खुर्ची माझ्या हातात दिली, हात पाठीमागं बांधले आणि निघाले. सिग्नल सुटला होता. एक बस भरधाव येत होती.

"अवो! डोळे!"

आवाज घोगरा होता, गंजलेल्या बिजागरीसारखा. मला आधी कळलंच नाही कुणाचा. मामा जागच्या जागी थिजले. बस त्यांच्या अंगाला वारा लावून पुढं गेली. मामा रस्त्यात उभेच, हॉर्न वाजताहेत, आणि ते मामींकडं बघताहेत. मी धावत जाऊन त्यांना ओढून आणलं. ते खुर्चीपुढं खाली बसले, चारचौघांत, फुटपाथवर, आणि म्हणाले, "काय म्हणालीस? परत म्हण."

मामी परत म्हणाल्या नाहीत. डावा हात मात्र त्यांनी मामांच्या डोक्यावर ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. शाल तिथंच राहिली, ती मी नंतर आणली.

दुसऱ्या दिवशी मामा माझ्याबरोबर औषधाच्या दुकानाकडं निघाले. रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायच्या होत्या. कोपऱ्यावर ते थांबले. उजवीकडं बघितलं, डावीकडं बघितलं, पुन्हा उजवीकडं, आणि माझं मनगट घट्ट धरलं.

मी म्हटलं, "काय मामा, विश्वास उडाला?"

"उडेल कसा? देवीनं तिचं अस्कं पुरं केलं. आता माझी पाळी." त्यांनी पुढची रिक्षा जाऊ दिली आणि म्हणाले, "ती परत बोलेल तेव्हा घरी ऐकायला कुणी नको काय?"

रस्ता मोकळा झाला तसे आम्ही निघालो. शर्टाचं बटण त्या दिवशीही चुकीच्याच काजात होतं. मी काही बोललो नाही. ते काम मामींचं होतं.