माळ्यावरचं गुलाबी पाणी

महाडमध्ये जन्मलेल्या माणसाला पाण्याबद्दल कुणी काही शिकवू नये, असं अश्वजितचं ठाम मत होतं. हे मत मांडून झाल्यावर तो सलग तेरा दिवस यूट्यूबवर पाण्याबद्दलच शिकत होता.

निमित्त कॉम्प्युटरचं होतं. अश्वजित पोलादपूरच्या एका शाळेत शिक्षक, आणि फावल्या वेळात हौसेनं व्हिडिओ जोडणारा. बहिणीच्या, सोनालीच्या लग्नाची फिल्म अजून त्याच्याकडेच पडून होती. त्या लग्नात बाबांनी ‘दोन शब्द’ बोलायला अठरा मिनिटं घेतली होती आणि आई, मंजुळाबाई, मागून त्यांचा सदरा ओढत होती. आता बाबा नव्हते. येत्या रविवारी त्यांचा पहिला स्मृतिदिन होता, आणि त्या दिवशी आईला ती अठराच्या अठरा मिनिटं ऐकायची होती. पण आवाज आणि चित्रं जुळवायला घेतली की मे महिन्याच्या उकाड्यात कॉम्प्युटर तापायचा आणि बाबा अकराव्या मिनिटाला बंद पडायचे.

“जित्तेपणी बी त्यांना कुणी पुरं बोलू दिलं नाय,” आई म्हणाली. “त्यात माझा बी हात हाय.”

कॉम्प्युटर थंड ठेवायला कंपनीतूनच पाणी भरून आलेला सीलबंद कूलर होता. तो काढून स्वतःच्या हातानं नळ्या, पंप, टाकी जोडायची, असं अश्वजितनं ठरवलं. पार्सल आलं. त्यात गुलाबी पाण्याची बाटलीही होती.

“पाणी घरात येऊ नये म्हणून अख्खं गाव जिवाचं रान करतं,” त्याची बायको शर्मिला म्हणाली. “तुम्ही कुरियरनं मागवलंत.”

“साधं पाणी नाही ते. कूलंट आहे.”

“ओलं आहे ना?”

यावर व्हिडिओत काही सांगितलेलं नव्हतं.

मागच्या मोठ्या पुरानंतर घरातली प्रत्येक किमती वस्तू पत्र्याखालच्या माळ्यावर गेली होती, तसा कॉम्प्युटरही. खालच्या भिंतीवर पुराची रेघ होती. घर रंगवलं तेव्हा रंगाऱ्यानं तिच्यावर ब्रश फिरवू नये म्हणून आई दिवसभर तिच्याखाली खुर्ची टाकून बसली होती.

बुधवारी जोडणी झाली. कॉम्प्युटर बंद ठेवून दिवसभर नुसता पंप चालवायचा आणि कुठे गळतं का ते पाहायचं, असा नियम होता. दुसरा नियम, नळ्यांची तोंडं हातानंच आवळायची. अश्वजितनं दोन्ही पाळले आणि तो जेवायला उतरला.

तेवढ्यात शेजारचे काशीरामकाका माळ्यावर चढले. त्यांनी तीस वर्षं नळपाणी योजनेचा पंप सांभाळला होता. हातानं आवळलेली तोंडं पाहून त्यांना राहवेना. त्यांनी घरून पाना आणला आणि सहाच्या सहा तोंडं दात-ओठ खाऊन आवळली.

“मास्तर, आता थेंब जरी भायेर आला ना, तर मिशी उतरवीन,” खाली येऊन त्यांनी जाहीर केलं.

अश्वजितच्या हातातला घास हातातच राहिला. “काका, ती टाकी प्लास्टिकची आहे.”

त्याच क्षणी आईच्या सुपातल्या तांदळात एक गुलाबी थेंब पडला. मग दुसरा.

पुढचं सगळं सवयीनं झालं. शर्मिलानं मेन स्विच पाडला, तांदळाचा डबा उचलला आणि ती जिन्याकडे धावली. काशीरामकाकांनी गॅसची टाकी उचलली. पहिल्या पायरीवर दोघंही थबकले. पाणी वरून येत होतं. वरून पाणी आलं तर सामान कुठे न्यायचं, हे महाडमध्ये कुणालाच ठाऊक नव्हतं.

“डबा ठेव गो,” आई म्हणाली. “आधी ह्यांना खाली आणा.”

“कुणाला?”

“त्या खोक्यात हायत ते.”

काशीरामकाकांनी कॉम्प्युटर भाताच्या पोत्यासारखा खांद्यावर घेतला. तिरका झाल्यावर टाकीतलं उरलंसुरलं पाणी त्यांच्या मानेवरून प्रत्येक पायरीला भेटत खाली आलं.

तीन दिवस कॉम्प्युटर खालच्या खोलीत फरशीवर, पंख्याखाली उघडा पडून होता. आई शेजारी बसून राहिली आणि कुणालाही त्याला हात लावू देईना. शनिवारी अश्वजितनं नळ्या खोक्यात भरल्या आणि जुना कूलर मुकाट्यानं परत बसवला.

रविवारी सकाळी त्यानं बटण दाबलं. काशीरामकाकाही आले होते. त्यांचा वरचा ओठ कोवळा दिसत होता.

फिल्म जुळली. बाबा बोलू लागले. अकरावं मिनिट गेलं. बारावं गेलं. पंधराव्याला पडद्यावर आईचा हात आला आणि बाबांचा सदरा ओढू लागला.

“सोड गो त्यांना,” आई पडद्यावरच्या स्वतःला म्हणाली.

“एवढं बोलून मी माझे दोन शब्द संपवतो,” अठराव्या मिनिटाला बाबा म्हणाले.

सगळे उठल्यावर अश्वजितनं तापमानाचा आकडा पाहिला. माळ्यावर अठ्ठ्याण्णव दिसायचे. इथे एकोणसत्तर होते. कॉम्प्युटर तोच, कूलर तोच. फक्त डोक्यावर पत्रा नव्हता.

भिंतीवरची पुराची रेघ कॉम्प्युटरच्या चार फूट वर होती.