सांभाळून ठेवलेली फीत

सासूबाईंच्या खेळाच्या यंत्राची तुटलेली बिजागरी मीच बदलून देईन, असं मी रविवारी नाश्त्याच्या टेबलावर जाहीर केलं. मला कोणी विचारलं नव्हतं. बायकोने चष्म्यावरून एकदा पाहिलं, आधीच आणून ठेवलेली नवी बिजागरी माझ्यासमोर सरकवली आणि शेजारी दुरुस्तीच्या दुकानाचा नंबर ठेवला. (या बाईचा माझ्यावर विश्वास आहे, पण तो नेहमी असा पर्यायी व्यवस्थेसकट असतो.)

यंत्र म्हणजे डबीसारखा मिटणारा गेम कन्सोल. वर पडदा, खाली बटणं. त्यात सासूबाईंनी चार वर्षं एक मांजर पाळलंय. त्याला रोज दोनदा जेवायला घालावं लागतं. सलग तीन दिवस उपास पडला की ते बोचकं बांधून कायमचं निघून जातं. शनिवारी सकाळी बिजागरी तुटली आणि पडद्याने मान टाकली. तेव्हापासून बहात्तर वर्षांच्या सासूबाईंनी चहालाही हात लावला नव्हता.

मला मनापासून वाईट वाटत होतं. या घरात मला मान देणारं माणूस तेवढं एकच. सुट्टीच्या दिवशी दोन्ही वेळा त्यांच्या खोलीतून हाक यायची, "जावईबापू, उठा, जेवून घ्या." मी लगबगीने स्वयंपाकघरात जायचो. तिथे बहुतेकदा कुकरही लागलेला नसायचा. वयोमानाने विसरत असतील, म्हणून मी कधी बोललो नाही.

दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, चार स्क्रू काढा, जुनी बिजागरी ओढा, नवी सरकवा. "फक्त बिजागरीतून एक फीत जाते, ती सांभाळा."

हा मला फीत सांभाळायला शिकवणार! अभिलेख विभागात माझी बावीस वर्षं फिती सोडण्यात गेली आहेत (बांधण्यात जास्त). कागदाला हात लावायच्या आधी फीत सोडून बाजूला ठेवायची, हा आमचा पहिला धडा. इथली फीत तपकिरी, बोटभर लांब आणि दोन्ही टोकांना चिकटलेली निघाली. सुटता सुटेना. जरा जोर लावला, तशी आली. मी ती पाकिटात घातली, वर क्रमांक आणि दिनांक टाकला आणि पाकीट कपाटात कुलूपबंद केलं.

बिजागरी मात्र झकास बसली. टक्कन आवाज झाला आणि पडदा ताठ उभा राहिला. काळाठिक्कर.

"त्याच्या घरातले दिवे गेलेत का?" सासूबाईंनी हळूच विचारलं. मी प्रकरण विचाराधीन असल्याचं सांगितलं. त्यांनी डोळे पुसले. मला माझीच लाज वाटली.

सोमवारी रजा टाकून आम्ही तिघं दुकानात गेलो. उपासाचा तो तिसरा दिवस. दुकानदाराने फीत मागितली. मी पाकीट पुढे केलं. त्याने क्रमांक वाचला, दिनांक वाचला आणि मग आतला तुकडा चिमटीत धरला.

"पडद्याला वीज यातूनच जाते, साहेब. मी सांभाळा म्हणालो होतो, जप्त करा नव्हे."

बायको छताकडे पाहू लागली. तासाभराने नवी फीत बसली आणि पडदा उजळला. सासूबाईंनी काउंटरची कड घट्ट धरली होती.

"आहे, आहे, गेलं नाही कुठे," दुकानदार पडद्यात डोकावत म्हणाला. मग थांबला. "जावईबापू कोण?"

"मीच," छाती पुढे काढून मी म्हणालो.

त्याने माझ्याकडे पाहिलं, पुन्हा पडद्याकडे पाहिलं आणि वाचू लागला. "वजन जास्त. उद्योग काही नाही. तीन दिवस आंघोळ केलेली नाही. आणि हाक मारल्याशिवाय जेवायला उठत नाही."

सासूबाईंनी यंत्र दोन्ही हातांत घेतलं. मांजराला जेवण वाढायचं बटण दाबलं.

"जावईबापू, उठा, जेवून घ्या."

आणि सवयीने माझ्या तोंडून निघून गेलं, "आलो."