जावईबापूंचं पाणी निवळलं

माझे साडू पाणीपुरवठा खात्यात गुणवत्ता अधिकारी होते, आणि त्यांच्याच दिवाणखान्यातल्या काचेच्या टाकीतलं पाणी गढूळ झालं होतं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काहीही संबंध नाही, असं साडूंचं अधिकृत म्हणणं होतं.

टाकी खाऱ्या पाण्याची होती. गोड्या पाण्यातले मासे हल्ली कारकूनसुद्धा पाळतात. अधिकाऱ्याला समुद्रच लागतो. आमचं शहर समुद्रापासून इतकं लांब की इथे समुद्र पिशवीतून येतो. पिशवीतलं मीठ पाण्यात कालवायचं, वाळू पसरायची, दोनचार खडक मांडायचे, वरून निळा दिवा लावायचा, की झाला समुद्र. त्यात काही पिवळे मासे होते, एक निळा होता, आणि फुलासारख्या दिसणाऱ्या एका समुद्री जिवाच्या कुशीत राहणारा एक नारिंगी मासा होता, अंगावर पांढरे पट्टे असलेला. हा गृहस्थ दिवसभर त्या गादीवर लोळायचा, जेवायच्या वेळी तेवढा बाहेर यायचा, आणि वाढायला उशीर झाला की काचेवर तोंड आपटून रुसायचा. म्हणून साडूंच्या बायकोने त्याचं नाव ठेवलं जावईबापू. ती माझ्या बायकोची थोरली बहीण. मीही तिला ताईच म्हणतो. तिच्या माहेरचे खरे जावई आम्ही दोघे, पण हा किताब आमच्या वाट्याला कधी आला नाही.

ताईचा जावईबापूंवर जीव होता. ती काचेजवळ जाऊन "काय म्हणताय?" म्हणाली की तो झुलत झुलत पुढे यायचा. "या घरात माझ्या हाकेला ओ देणारा हा एकटाच," असं ती आम्हा सगळ्यांदेखत म्हणायची आणि साडू तेव्हा वर्तमानपत्र वाचत असायचे.

एका रविवारी मी गेलो तर टाकीत कुणीतरी दूध ओतावं तसं पाणी.

"पाणी गढूळ दिसतंय," मी म्हणालो.

साडूंनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला. पाणी पुसायच्या आधी चष्मा पुसायचा, ही खात्याची जुनी रीत. "साडूभाऊ, गढूळ हा शब्द आम्ही वापरत नाही."

"मग हे काय आहे?"

"तात्पुरती अपारदर्शकता. निवळेल."

निवळेल! या एका शब्दावर साडूंची अख्खी नोकरी उभी होती. नळाला तांबडं पाणी आलं, लोकांनी ओरड केली, की खात्याचं उत्तर ठरलेलं: निवळेल. पाण्याला वास येतोय? निवळेल. पाण्यात अळी वळवळतेय? तीही निवळेल. माझ्या बायकोने बादलीत गाळ दिसतो म्हणून सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याला फोन केला, तेव्हा नात्याचा मान राखून त्यांनी फक्त एक अक्षर वाढवलं: "निवळेल गं." या शब्दाची गंमत अशी की त्यात कुणालाच काही करावं लागत नाही. पाणी आपलं आपण निवळतं, अधिकारी नुसता भविष्यकाळ वापरतो.

ताईला भविष्यकाळ परवडणारा नव्हता. तिने मासेवाल्या दुकानदाराला बोलावलं. त्याने टाकीत बोट बुडवलं, नाकाशी नेलं आणि नको तोच प्रश्न सगळ्यांत आधी विचारला.

"पाणी कुठलं घातलंत?"

"नळाचं," साडू म्हणाले.

"अहो, मिठाच्या पिशवीवर केवढ्या अक्षरांत छापलंय, शुद्ध केलेलंच पाणी घ्या म्हणून! आपल्या नळाला काय काय येतं ते तुम्हाला माहीत नाही का? मासे मरतील की हो."

"आपण पाणीपुरवठा खात्याच्या गुणवत्ता अधिकाऱ्याशी बोलत आहात."

दुकानदाराने बोट रुमालाला पुसलं. त्याच्या दुकानात एक नळ अधिकृत होता आणि तीन नव्हते. "पाणी एक नंबर आहे साहेब," तो म्हणाला. "मासेच नाजूक निघाले. हल्ली मालच तसा येतो." मग पाणी निवळवायच्या औषधाची बाटली टेबलावर ठेवून तो निघून गेला. ते औषध घातल्यावर पाणी पांढऱ्याचं हिरवट झालं. साडूंनी याची नोंद 'बदल दिसतो आहे' अशी केली.

"अहो," ताई म्हणाली, "ओट्याखालच्या यंत्राचं पाणी घालूया ना थोडंसं."

साडूंनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

ओट्याखालचं यंत्र हे त्या घरातलं सर्वांत गोपनीय प्रकरण. स्वयंपाकघरात ओट्याखाली, दाराआड, डब्यांच्या मागे पाणी शुद्ध करायचं एक यंत्र बसवलेलं होतं. ज्याच्या सहीने शहराचं पाणी पिण्यायोग्य ठरतं, त्याच्या घरातलं पाणी ते यंत्र पिण्यायोग्य करायचं. ते चालू झालं की गुंऽऽ असा आवाज यायचा, आणि घरात परकं माणूस असलं की साडू त्या आवाजावर खोकायचे. गेली कित्येक वर्षं मी त्यांना दमा आहे असं समजत होतो.

"त्या यंत्राचं पाणी माशांना? म्हणजे आपल्या पाण्यात खोट आहे असं मी कबूल केल्यासारखं होईल!"

"मासे कुणाला जाऊन सांगणार आहेत?"

"प्रश्न तत्त्वाचा आहे."

"आणि आपण पितो ते?"

"ते प्रकृतीचं आहे. तत्त्व वेगळं, प्रकृती वेगळी."

तेव्हापासून साडूंनी टाकीचं काम खात्याच्या शिस्तीत हाती घेतलं. पाण्याला हात लावायचा नाही, बाकी सगळं सुधारायचं. आधी काच बाहेरून रोज पुसली जाऊ लागली. मग दिवा बदलला. नव्या प्रखर निळ्या उजेडात गढूळपणा समुद्राच्या खोलीसारखा दिसायला लागला. मग कोचाची जागा बदलली. दारापासच्या कोपऱ्यातून, किंचित मान वाकडी करून पाहिलं तर पाणी बरंच स्वच्छ भासतं, असं साडूंच्या लक्षात आलं. त्या जागेला त्यांनी 'निरीक्षण बिंदू' असं नाव दिलं आणि येणाऱ्या प्रत्येकाला तिथेच बसवायला सुरुवात केली. मी एकदा भलत्याच खुर्चीत बसलो तर म्हणाले, "साडूभाऊ, तिथून चुकीचं दिसतं."

पिवळे मासे एकामागून एक गेले. साडूंनी ते मेले असं कधी म्हटलं नाही. "लाभार्थी कमी झाले की दरडोई पाणी वाढतं," असं म्हणाले. निळा मासा गेला त्या दिवशी ताई जेवली नाही. जावईबापूंनी गादी सोडली होती. ते पाण्याच्या अगदी वरच्या थराला येऊन तोंडाची उघडझाप करत राहायचे. ताई "काय म्हणताय?" म्हणाली तरी खाली येत नव्हते.

"मरतोय हो तो!" ती कळवळून म्हणाली.

"वर आलाय म्हणजे प्रगती आहे," साडू म्हणाले. "निवळेल."

मला माझ्या साडूंचा राग यायचा, पण त्या दिवशी किळस आली. तरीही मी चहा घेऊनच निघालो. चहा यंत्राच्या पाण्याचा होता, सुरेख झाला होता.

आणि तेवढ्यात शहरच ओरडायला लागलं. तांबडं पाणी सगळ्यांच्याच नळाला येत होतं. जुनं शुद्धीकरण केंद्र मोडीत काढून नवं उभारा, अशी मागणी जोर धरू लागली. खात्यात मोठी बैठक बसली. तिथे सगळे हात वर करून मोकळे होत असताना आमचे साडू उठले आणि म्हणाले, "पाण्यात दोष आहे म्हणणाऱ्यांनी माझ्या घरी यावं. समुद्रातला मासा, जगातला सगळ्यांत नाजूक जीव, माझ्याकडे आपल्याच नळाच्या पाण्यात नांदतोय!"

खात्याचे मोठे साहेब खूश झाले. "वा! हे मी स्वतः बघणार. पुढच्या आठवड्यात चहाला येतो. मासा ठणठणीत असेल तर नव्या केंद्राची गरजच काय?"

साडू घरी आले ते घामाघूम होऊन. जावईबापू जगले तर नोकरी जगणार, असा तो मामला झाला होता. माणूस घाबरला म्हणजे काहीतरी करील असं आपल्याला वाटतं. साडूंनी खिडक्यांना नवे पडदे आणले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताईचा फोन आला. "भाऊजी, ऑफिसला दांडी मारा आणि या. बादल्या उचलायच्यात."

मी गेलो. मागच्या बाल्कनीत तिने यंत्राच्या पाण्याची पिंपं भरून ठेवली होती, वर चादरी टाकल्या होत्या, पिशवीतलं मीठ मोजून कालवलेलं होतं. पिशवीवरच्या सूचना तिने वाचल्या होत्या. एवढंच तिचं ज्ञान. आम्ही टाकीतलं थोडं पाणी काढलं, थोडं घातलं. गाळणीचा स्पंज धुतला तेव्हा त्यातून निघालेला तांबडा गाळ मी ओळखला. आमच्या बादलीत रोज तोच असतो. मग रोज दुपारी, साडू कचेरीत शहराला पाणी पाजत असताना, आम्ही जावईबापूंचं पाणी थोडं थोडं बदलत राहिलो. माझी कंबर धरली. मी कुरकुरलो की ताई म्हणायची, "एका मुक्या जिवासाठी तेवढं करा हो!"

आठवडा संपता संपता पाणी असं झालं की टाकीत पाणी आहे हे सांगावं लागावं. जावईबापू खाली उतरले, गादीवर लोळले आणि जेवायला उशीर झाला म्हणून काचेवर तोंड आपटून रुसले. ताईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

साडू टाकीसमोर उभे राहिले. बराच वेळ पाहत राहिले. मग आमच्याकडे वळून विजयी मुद्रेने म्हणाले, "म्हटलं नव्हतं? निवळलं!"

त्यांना खरंच काही कळलं नव्हतं, की कळून न कळल्यासारखं केलं, हे मला आजही ठरवता येत नाही. खात्यात इतकी वर्षं काढल्यावर हे दोन प्रकार वेगळे राहत नसावेत.

मोठे साहेब आले. त्यांना निरीक्षण बिंदूवर बसवण्यात आलं, पण आता कुठूनही बसलं तरी चालण्यासारखं होतं. ताईने ट्रेमधून पाण्याचे पेले आणले.

"मला नको वहिनी," साहेब म्हणाले आणि बॅगेतून स्वतःची बाटली काढली. "बाहेरचं पाणी मी घेत नाही. प्रकृतीचं कारण."

"अर्थातच," साडू म्हणाले.

साहेबांनी काचेला नाक लावलं. जावईबापू मान दिल्यासारखे पुढे आले. "वा, वा! आणि हे पाणी नळाचंच?"

"नळाचंच, साहेब."

यंत्रात जातं तेही नळाचंच, तेव्हा हे शब्दशः खोटं नव्हतं. नेमकं त्याच वेळी ओट्याखालून गुंऽऽ सुरू झालं. साडू खोकले. साहेबही खोकले, अगदी सराईतपणे. दोघं एकमेकांकडे बघून मंद हसले.

"म्हणजे ठरलं," साहेब उठत म्हणाले. "नवं केंद्र रद्द. ज्या पाण्यात हा जगतो त्यात माणसाला काय धाड भरलीय?"

ताई ट्रे धरून उभी होती. तिच्या तोंडून "पण..." एवढं निघालंसुद्धा. साहेबांनी वळून पाहिलं. साडूंनी पाहिलं. तिने टाकीकडे पाहिलं. खरं बोललं तर उद्यापासून तत्त्वाचं पाणी परत टाकीत येणार, हे तिला स्वच्छ दिसत होतं.

"पण चहा तरी घ्या," ती म्हणाली.

मग तिने माझ्याकडे पाहिलं. मीही बोलू शकलो असतो. माझ्या घरचं पाणी तर सगळ्यांत तांबडं. मी बिस्कीट उचललं आणि ते तोंडात असताना बोलणं शिष्टाचाराला धरून नाही, म्हणून हळूहळू चावत राहिलो. साहेब जिना उतरेपर्यंत ते मला पुरलं.

तर आता जावईबापू झकास आहेत, साडूंना बढती मिळाली आहे, आणि आमच्या नळाला येणारं पाणी चहासारखं दिसतं, फक्त गरम नसतं. शेजारपाजारची पोरं पोट धरून पडली आहेत. माझ्या बायकोने साडूंना पुन्हा फोन केला. त्यांनी पुन्हा "निवळेल गं" म्हटलं. शेवटी आम्हीही एक यंत्र आणलं आणि ओट्याखाली, डब्यांच्या मागे बसवलं. तेव्हापासून आमची तक्रार नाही. शहरात कुणाचीच फारशी नाही, ज्यांची आहे त्यांच्याकडे यंत्र नाही, आणि ज्यांच्याकडे यंत्र नाही त्यांचा आवाज तरी कितीसा!

तुम्ही म्हणाल, तिथल्या तिथे खडसावायला हवं होतं. खरंय. तुम्ही असता तर खडसावलंच असतं. फक्त ओरडून घसा कोरडा पडल्यावर पाणी कुठलं प्यायला असता, तेवढं सांगा. अहो, स्वयंपाकघराकडे काय बघताय? दार लावलेलं आहे हे मला दिसतंय. पण तो गुंऽऽ आवाज इथपर्यंत ऐकू येतोय.

खोका.