परत आलेला माल

मे महिन्यातल्या दुपारी दोन वाजता, खारघरमध्ये, बाराव्या मजल्यावर, दोन स्वेटर, लोकरी मोजे आणि माकडटोपी घालून बसलेला माणूस तुम्ही पाहिला नसेल. मी पाहिलाय. आमच्या समोरच्याच घरात. एसी सोळावर होता आणि माणूस घड्याळ लावून बसला होता.

"काका, बरं नाहीये का?"

"उत्तम आहे. चाळीस मिनिटं झाली. काल पस्तिसाव्या मिनिटाला दात वाजले होते. आज नाही वाजले. पास!"

हे दळवीकाका. उरणला कंटेनरच्या गोदामात त्यांनी जन्म काढला. परदेशी जाणारी पेटी उघडायची, ठोकून बघायची, शिक्का मारायचा. निवृत्त झाले, पण हातातला शिक्का काही सुटला नाही. ऑगस्टअखेर ते कायमचे कॅनडाला निघणार होते, लेकीकडे. केतकीताई तिथे नर्स आहे, रात्रपाळ्या करते आणि चार वर्षांच्या मुलीला एकटीने सांभाळते. म्हणून पाठवण्याआधी काका स्वतःलाच तपासून घेत होते.

"माल निघायच्या आधी बघावा, मोर्चा. तिकडे पोचल्यावर कुरकुर चालत नाही."

मोर्चा म्हणजे मी. कॉलेजपासून पत्रकं वाटते, म्हणून त्यांनी ठेवलेलं नाव. माझ्या प्रत्येक निवेदनावर पहिली सही त्यांची असते. सही करण्याआधी मात्र ते लाल पेनाने माझी उद्गारचिन्हं खोडतात. "इतकं ओरडलीस तर ऐकणारा कानात बोटं घालेल."

आमच्या चौकातला पादचाऱ्यांचा सिग्नल कित्येक महिने बंद आहे. त्यावर मी तीन पत्रकं काढली, साधा बल्बही कुणी बदलला नाही! (हे चिन्ह मी ठेवणार.) काका त्याच चौकात रोज सकाळी झेब्रा पट्ट्यांसमोर उभे राहायचे. का, तर तिकडे माणूस उभा दिसला की गाडी थांबते म्हणे. इथे कोण थांबतंय? वीस-वीस मिनिटं ते तसेच उभे. शेवटी एक रिक्षावाला थांबला. "काका, कुठे सोडू?" काकांनी त्याला वाकून थँक यू म्हटलं आणि रस्ता ओलांडला.

"तो गिऱ्हाईक समजून थांबला होता," मी म्हटलं.

"गाडी थांबली की नाही? पास."

इथवर सगळी विंग हसत होती. मग वाटीचं प्रकरण झालं.

आईने त्यांच्याकडे कोथिंबीरवड्या पाठवल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या पायपुसण्यावर वाटी. घासूनपुसून लख्ख. आणि रिकामी! आत एक चिठ्ठी: 'थँक यू. वड्या छान होत्या.'

आईचा चेहरा मी मोर्च्यातसुद्धा कुणाचा पाहिला नाही असा झाला. आमच्याकडे शेजारची वाटी रिकामी जात नाही. काहीच नसलं तर चिमूटभर साखर घालतात, पण तळ झाकतात. "माझं नाव कोरलंय त्या वाटीवर! ते तरी वाचायचं होतं भावजींनी!" चौकशी केली तर आणखी चार घरांत लख्ख वाट्या पोचलेल्या.

त्यातच काकांच्या दारावर कागद लागला: 'बेल वाजवू नये. आधी फोन करून वेळ घ्यावी. तपासणी चालू आहे.'

सोसायटीचे सेक्रेटरी पाटीलमामा इथल्या मूळ गावातले. त्यांनी तो कागद दोनदा वाचला. "काय रं यो दलवी! मानसानं मानसाची बेल नाय वाजवायची त काय दगराची वाजवायची? पोरी, तूच काय त लिव."

मी लिहिलं. 'शेजारधर्माची गळचेपी' असा मथळा दिला आणि काकांना फोन करून वेळ मागितली. चार पावलांवरच्या माणसाने मला गुरुवारची, पावणेपाचची वेळ दिली. गेले. पत्रक त्यांच्यासमोर ठेवलं. त्यांनी लाल पेन उघडलं, सहा उद्गारचिन्हं खोडली आणि पेन बंद केलं.

"मुद्दा बरोबर आहे तुझा," ते म्हणाले. "पण मी एकदा परत आलेला माल आहे."

नात झाली तेव्हा काका-काकू सहा महिन्यांसाठी तिकडे गेले होते. काकांनी हौसेने नारळाच्या वड्या केल्या आणि वाटी भरून शेजारी नेऊन दिल्या, न विचारता बेल वाजवून. दुसऱ्या दिवशी वाटी दाराशी. धुतलेली, रिकामी, आत चिठ्ठी.

"ते लोक चांगलेच होते गं. त्यांची पद्धत ती. पण मला लागलं. अख्खा आठवडा मी त्या वाटीकडे बघत होतो. पाचव्या आठवड्यात सुनंदाला म्हटलं, चल परत. तिला राहायचं होतं. नातीला अजून पालथंही पडता येत नव्हतं." त्यांनी पेन खिशाला लावलं. "मग तिला पुन्हा जायला मिळालंच नाही."

सुनंदाकाकू जाऊन दोन वर्षं झाली.

"म्हणून या वेळी रिकाम्या वाटीची सवय करतोय. घ्यायची नव्हे, आधी द्यायची. देताना काही वाटेनासं झालं की घेतानाही वाटणार नाही."

"वाटतं अजून?"

"रोज नापास."

मला संताप आला, पण कुणाचा ते कळेना. सत्तरीला आलेल्या माणसाने परक्या गावात जगायची परीक्षा द्यायची, त्याचा पेपर स्वतःच काढायचा आणि तपासायचाही स्वतःच. याचं निवेदन कुठल्या कचेरीत देतात? मी पत्रक घडी करून परत आणलं.

त्याच आठवड्यात संध्याकाळी सहाला समोरची बेल वाजलेली ऐकली. दुसऱ्या दिवशी पुन्हा, बरोबर सहाला. काकांचा नियम कोण मोडतंय? तिसऱ्या दिवशी मी आमच्या दाराच्या भिंगाला डोळा लावून उभी राहिले.

काका स्वतःच बाहेर आले. दार ओढून घेतलं. बेल वाजवली. जरा थांबले, मग किल्लीने दार उघडायला लागले.

मी दार उघडलं. लपून बघणं मला जमत नाही.

ते दचकले, पण शिक्का मारल्यासारखं ठाम बोलले, "एकदम बंद केली तर त्रास होतो. रोज एकच. पुढच्या सोमवारपासून तीही बंद." मग किल्लीकडे बघत म्हणाले, "भाजी घेऊन सहाला यायची ती. दोन्ही हात भरलेले असायचे. कोपराने वाजवायची."

सोमवारपासून बेल खरंच बंद झाली. सहा वाजता आमच्या घरातही कुणी टीव्ही लावेना.

निघायच्या आदल्या दिवशी आईने मुद्दाम कोथिंबीरवड्या केल्या, त्याच वाटीतून पाठवल्या. "देऊ देत रिकामी. सराव आहे त्यांचा." पहाटे टॅक्सी गेली. पायपुसण्यावर काहीच नव्हतं. काकांच्या दारालाही कुलूप. आई दिवसभर म्हणत होती, गडबडीत राहिली असेल.

दहा दिवसांनी त्यांचा व्हिडिओ कॉल आला. काकांनी एकच स्वेटर घातला होता. शेजारच्यांना फोन करून, वेळ घेऊन भेटून आले होते. "पास," म्हणाले, पण जरा हळू. मागे नात कुणालातरी ओरडत होती आणि तिच्या डोक्यावरच्या फळीवर, नाव पुढे करून, आमची वाटी.

"काका, वाटी राहिली तुमच्याकडे!"

"राहिली नाही, मोर्चा. ठेवली." त्यांनी मागे वळून एकदा वाटीकडे बघितलं. "ती द्यायला म्हणून तरी यावं लागेल ना मला."

आईने माझ्या हातातून फोन घेतला.

"या सावकाश, भावजी," ती म्हणाली. "पण रिकामी आणू नका हं."